सापाच्या जेवणाची वही

‘सापाला दूध पाजणे’ हा आपल्या भाषेतील निंदेचा वाक्प्रचार आहे. ज्याच्यावर उपकार करावे त्यानेच उलटून दंश करावा, अशा कृतघ्न माणसाविषयी बोलताना तो हमखास वापरला जातो. या वाक्प्रचाराने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. साप पाळण्याची बुद्धी शहाण्या माणसाला व्हावयाची नाही, ही पहिली. आणि झालीच तर त्या सापाला दूध द्यावे लागेल, ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट आता खरी राहिलेली नाही. दुसरी तर कधीच खरी नव्हती.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांतील कितीतरी मुले आज इंग्लंड-अमेरिकेत संसार थाटून आहेत. तिकडच्या नातवाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक साप आहे, हे वर्तमान एखाद्या रविवारी फोनवरून येऊन थडकते आणि इकडे आजीच्या काळजाचा ठोका चुकतो. “अरे, पण त्याला दूध किती घालता?” हा तिचा पहिला प्रश्न. त्यावर नातवाचे उत्तर ठरलेले असते: “आजी, साप दूध पीत नाही. आठवड्याला एक उंदीर खातो. कधी खाल्ला, केवढा खाल्ला, सगळे मी वहीत लिहून ठेवतो.” आजीला उंदराचे नाव ऐकून शिसारी येते आणि पुढचे शब्द तिच्या कानावरून जातात. वास्तविक या उत्तरात नवल वाटावे अशी गोष्ट उंदीर नसून वही आहे.

गाईला वेळेवर वैरण मिळाली नाही तर ती हंबरते. मांजर पायात घोटाळते, पोपट ओरडून घर डोक्यावर घेतो, कुत्रा तर नुसत्या नजरेने आपल्याला अपराधी करून सोडतो. सापाजवळ यांतले एकही साधन नाही. फुत्कार वगळला तर त्याला आवाज नाही. पापण्या नसल्यामुळे डोळे मिटून पडण्याची सोय नाही. चेहऱ्यावर भाव उमटविणारे स्नायू नाहीत. दुखणे आले तरी तो कण्हत नाही. फार तर नेहमीपेक्षा अधिक वेळ बिळात पडून राहतो, आणि बिळात पडून राहणे हा तर त्याचा नित्याचाच व्यवसाय. त्यातून त्याचे जेवण सात, दहा किंवा चौदा दिवसांनी एकदा. आपली स्मरणशक्ती सकाळ-संध्याकाळच्या चक्राला सरावलेली असते. ‘मागच्या मंगळवारी दिले की त्याच्या मागच्या?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महिन्यातच देता येईनासे होते. घरात चार माणसे असली म्हणजे एकाने दिलेले दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि सापाला एकाच आठवड्यात दोन मेजवान्या घडतात किंवा एकही घडत नाही. म्हणून पेटीला लहानशी वही दोऱ्याने बांधून ठेवण्याची पद्धत तिकडच्या जाणत्या पाळणाऱ्यांनी पाडली. मुक्या जनावराच्या वतीने बोलणारे तेवढेच एक तोंड आहे.

घरोघर पाळला जाणारा साप म्हणजे बहुधा ‘कॉर्न स्नेक’. अमेरिकेच्या आग्नेय भागातील हा बिनविषारी साप मक्याच्या कोठारांतून उंदरांच्या मागे फिरताना आढळतो, म्हणून त्याला हे नाव पडले, अशी एक उपपत्ती आहे. पोटावरची काळी-पांढरी चौकट मक्याच्या रंगीबेरंगी कणसासारखी दिसते म्हणून, अशी दुसरी. आपल्याकडे कणगीपाशी येणारी धामण ज्या कामासाठी येते तेच याचे काम. अंड्यातून बाहेर पडताना त्याचे वजन दहा ग्रॅमच्या आतच असते. पुढे तो चार-पाच फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. दहा वर्षांच्या नातवाने साप आणला तर तो त्या नातवाच्या लग्नापर्यंत घरात राहावयाचा, ही गोष्ट आईबापांनी दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच ध्यानात घेतलेली बरी.

आता त्याच्या जेवणाविषयी. सापाला घास चावता येत नाही, तोडता येत नाही. भक्ष्य अखंड गिळावे लागते. तो जबडा ‘निखळवतो’ असे जे म्हणतात ते बरोबर नाही. खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हनुवटीपाशी हाडाने सांधलेल्याच नसतात, लवचिक बंधाने जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींपासून दूर जाऊ शकतात. तरीही या सोयीला मर्यादा आहे. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक असावी, हा ढोबळ नियम. तराजू असेल त्याने वजनाचा हिशेब करावा: वाढत्या वयाच्या सापाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भक्ष्य, पाच ते सात दिवसांनी, पुरा वाढलेला झाला म्हणजे दहा ते चौदा दिवसांनी. म्हणजे वहीतला पहिला स्तंभ तारखेचा, दुसरा सापाच्या वजनाचा आणि तिसरा उंदराच्या वजनाचा. हे तीन आकडे नसतील तर बाकी सारा अंदाज.

उंदीर जिवंत द्यावयाचा नसतो. पुष्कळांची समजूत असते की जिवंत भक्ष्यावर झडप घालणे हा सापाचा हक्क आहे आणि तो हिरावून घेणे म्हणजे क्रौर्य. रानात ते खरे असेल. चार भिंतींच्या पेटीत मात्र उंदराला पळावयास जागा नसते, आणि साप भुकेला नसला तर तोच उंदीर रात्रभरात सापाची पाठ कुरतडून हाडापर्यंत जखम करतो. म्हणून तिकडे माणुसकीने मारून गोठविलेले उंदीर लहान-मोठ्या आकारांत विकत मिळतात. नुकते जन्मलेले गुलाबी पिल्लू, अंगावर लव आलेले, उड्या मारण्याच्या वयाचे आणि पूर्ण वाढलेले, असे त्यांचे टप्पे आहेत. आदल्या रात्री ते शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावयाचे, आणि देण्यापूर्वी पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवून अंगाला ऊब आणावयाची. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच तापवू नये. आतील भाग शिजतो आणि कातडी फाटते. मग लांब चिमट्याने सापापुढे धरावयाचा. बोटांनी धरला तर सापाला उंदीर आणि बोट यांत भेद करता येत नाही, आणि त्यात दोष सापाचा नसतो.

हा मजकूर वाचून आपल्या वाचक भगिनींच्या मनात काय प्रश्न आला असेल हे ओळखणे कठीण नाही. श्रीखंडाच्या शेजारी उंदीर? सोवळ्याओवळ्याचा विचार बाजूला ठेवला तरी वैद्यकाचे म्हणणे आजीच्याच बाजूचे आहे. गोठविल्याने ‘साल्मोनेला’ नावाचे जंतू मरत नाहीत. असे उंदीर हाताळल्यामुळे माणसे आजारी पडल्याची उदाहरणे अमेरिकेच्या आरोग्यखात्याने नोंदविली आहेत आणि उंदीर, चिमटा, भांडे, सारेच स्वयंपाकघरापासून अलग ठेवावे, अशी सूचना केली आहे. शक्य तर वेगळे लहान शीतकपाट, नाहीतर निदान घट्ट झाकणाचा वेगळा डबा. आणि नंतर साबणाने हात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर साप आणूच नये, असे पशुवैद्य सांगतात ते याच जंतूंमुळे.

दिलेले अन्न पचावे कसे, हा पुढचा भाग, आणि येथेच नवखा माणूस फसतो. सापाला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीचे एक टोक तीस अंशांच्या आसपास उबदार आणि दुसरे बावीस-चोवीस अंशांवर थंड ठेवले म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. थंडीत दिवे गेले, पेटी गार पडली, तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. खाल्ल्यानंतर दोन दिवसांच्या आत त्याला हातात घेऊन पाहुण्यांना दाखविले तरी तोच प्रकार. साप ओकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढावयाचे नसते; दहा-बारा दिवस थांबून नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावयाचे. या पचनाचा शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. आपल्या ईशान्य भारतातही आढळणाऱ्या बर्मी अजगराने मोठे भक्ष्य गिळले म्हणजे एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, शरीराचा जाळ कित्येक पटींनी वाढतो. आणि जेवण संपले की आतडे पुन्हा आक्रसते. आपण चुलीवर रोज थोडा निखारा ठेवतो. अजगर चूल मोडून ठेवतो आणि पाहुणा आला की नवी मांडतो. अशा जिवाला अवेळी जेवू घालणे किंवा जेवता जेवता उठविणे किती महागात पडत असेल, याची त्यावरून कल्पना यावी.

वहीचे एक पान कसे असते, हे नमुन्यादाखल मांडून दाखवितो. साप कॉर्न स्नेक, वय सुमारे एक वर्ष.

३ मार्च. वजन ६२ ग्रॅम. उंदीर ८ ग्रॅम. पाच मिनिटांत गिळला.
६ मार्च. विष्ठा, नेहमीसारखी.
१० मार्च. उंदीर ८ ग्रॅम. गिळला.
१७ मार्च. उंदीर ८ ग्रॅम. वास घेतला, तोंड फिरविले. रात्रभर ठेवला नाही, टाकून दिला. अंगाचा रंग फिका.
१९ मार्च. डोळे दुधाळ निळे. डब्यात ओले शेवाळ ठेवले. अन्न देऊ नये.
२३ मार्च. डोळे पुन्हा स्वच्छ.
२७ मार्च. कात टाकली. अखंड, डोळ्यांवरील दोन्ही पारदर्शक झाकणांसह.
२८ मार्च. उंदीर ८ ग्रॅम. समोर धरताच घेतला.

हे पान वरवर पाहता कंटाळवाणे आहे. पण १७ मार्चच्या ओळीकडे लक्ष द्यावे. ती लिहिली त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या मनात नुसती काळजी होती. दोन दिवसांनी डोळे निळसर झाले तेव्हा तिचा अर्थ लागला, आणि दहा दिवसांनी कात पडली तेव्हा तो पक्का झाला. कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, डोळ्यांवर धुके आल्यासारखे होते, सापाला धड दिसत नाही आणि बहुतेक साप त्या दिवसांत अन्नाला शिवत नाहीत. पुढच्या खेपेला हाच प्रकार घडेल तेव्हा पाळणारा घाबरणार नाही. मागचे पान उलटून पाहील. ‘अखंड’ हा शब्दही उगाच लिहिलेला नाही. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर हवेत ओलावा कमी पडला असे समजावयाचे, आणि डोळ्यांवरचे झाकण मागे राहिले असेल तर नखाने काढण्याचा उद्योग न करता पशुवैद्याकडे जावयाचे.

‘खाल्ले नाही’ ही नोंद करण्याचा माणसाला कंटाळा येतो. जे घडले ते लिहावे, न घडलेले काय लिहावयाचे, अशी आपली वृत्ती. पण सापाच्या वहीत या रिकाम्या दिवसांचे मोल भरल्या दिवसांपेक्षा अधिक आहे, आणि हे पटवून देण्यास ‘बॉल पायथन’ या पश्चिम आफ्रिकेतील ठेंगण्या अजगराइतका चांगला शिक्षक नाही. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हा जगभर गेला. भ्याला म्हणजे डोके मध्ये घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, म्हणून हे नाव. स्वभावाने अत्यंत गरीब, पण जेवणाच्या बाबतीत कमालीचा मानी. रानातून पकडून आणलेला असेल तर त्याला तिथल्या रानउंदरांची सवय. पांढरा उंदीर पुढे धरला तर सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा ताटाकडे पाहतही नाही. पेटीत जन्मलेला असला तरी हिवाळ्याच्या सुमारास तो चार-चार, सहा-सहा महिने उपाशी राहू शकतो. अशा वेळी घरात हवालदिल वातावरण पसरते. कोणी बळेच तोंड उघडून भरवावे म्हणतो, कोणी जिवंत उंदीर आणू या म्हणतो. उत्तर वहीत असते. महिन्याच्या महिन्याला घेतलेली वजने समोर मांडावी. चौदाशे ग्रॅमचा अजगर चार महिन्यांनी साडेतेराशे भरला तर त्याचा उपास हा उपासच आहे. दर वर्षी त्याच ऋतूत तो करीत असल्याचे मागल्या पानांवरून दिसले तर काळजी आणखी कमी. तोच दोन महिन्यांत बाराशेवर आला, म्हणजे वजनाचा दहावा हिस्साही ओलांडून घट झाली, तर ते दुखणे आहे. डोळ्यांना दोन्ही साप सारखेच दिसतात.

याच जातीच्या एका मादीची हकीगत वहीचे महत्त्व वेगळ्याच बाजूने सांगते. १९६१ साली एका खाजगी मालकाने अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयाला ती दिली. जुलै २०२० मध्ये तिने सात अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठ वर्षांच्या पुढे होते आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तिला नराचा सहवास घडलेला नव्हता. ही अंडी आली कोठून? काही सर्पजातींत मादी नराचे बीज दीर्घकाळ साठवून ठेवू शकते, आणि क्वचित नराशिवायही पिल्ले होतात. या दोहोंपैकी कोणते, हे ठरविण्यासाठी काही अंड्यांचे नमुने तपासणीस काढले गेले. परंतु मुळात हा प्रश्न विचारता आला तो जुन्या नोंदी शाबूत होत्या म्हणून. या मादीने १९९० साली अंडी घातली होती, २००९ साली घातली होती, याचा उल्लेख होता. १९९० च्या वेळी पिंजरे धुताना साप एकत्र बादलीत ठेवण्याची पद्धत होती, तेव्हा ती नराच्या संगतीत आली असण्याचा संभव आहे, इतका बारीक तपशीलही हाताशी होता. साठ वर्षांत तिचे रखवालदार कितीदा बदलले असतील. बादलीविषयी लिहिताना त्यात काही विशेष आहे असे त्या वेळी कोणाला वाटले असेल, असे संभवत नाही.

उपासापेक्षाही घरच्या सापाचा खरा शत्रू अतिभोजन हा होय. प्रेमाने दोन घास अधिक वाढण्याची आपली खोड जगात सर्वत्र आहे. साप पुढे आलेले खातो. रानात पुढचे भक्ष्य कधी मिळेल याची शाश्वती नसते, त्याची भूक त्या हिशेबाची. पेटीत दर चार दिवसांनी उंदीर मिळू लागला की चरबी साठते, यकृत बिघडते आणि पंधरा वर्षे जगावयाचा प्राणी सात-आठ वर्षांत जातो. चरबी एकाएकी नजरेस येत नाही. वजनाचा आलेख मात्र तिची चाहूल आधी देतो. मोठ्या जातींच्या बाबतीत तर वही विकत घेण्यापूर्वीच उघडावी. हातभर लांबीचे बर्मी अजगराचे पिल्लू गोंडस दिसते. काही वर्षांत त्याचे माप बारा-पंधरा फुटांवर जाते आणि उंदरांऐवजी ससे लागतात. हा हिशेब न करता ज्यांनी ती पिल्ले घेतली त्यांपैकी काहींनी ती फ्लोरिडाच्या दलदलीत नेऊन सोडली. तिथे त्यांचे वंश वाढले, तेथील लहान सस्तन प्राण्यांची दाणादाण उडाली, आणि २०१२ साली अमेरिकेच्या सरकारला या जातीच्या आयातीवर बंदी घालावी लागली. आज त्यांना पकडण्यासाठी माणसे पगारावर ठेवलेली आहेत.

काय खाल्ले याबरोबर कशाच्या जातीचे खाल्ले, हेही लिहावे लागते. मासे खाणाऱ्या ‘गार्टर’ सापांना स्वस्त पडतात म्हणून गोल्डफिशसारखे मासे सतत दिले, तर त्या माशांतील एक द्रव्य शरीरातील ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते. साप तोल जाऊन वेडावाकडा वळू लागतो. पशुवैद्याला कारण शोधण्यास वहीतील माशाचे नाव पुरते.

आता दुधाकडे वळू. सस्तन प्राण्यांची पिल्ले दूध पितात. साप सस्तन नव्हे. त्याची आई त्याला पाजत नाही आणि दूध पचविण्याची तयारी त्याच्या शरीरात नाही. मग नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीला तोंड लावतो ते कसे? प्राणिमित्र संस्थांनी सोडविलेल्या नागांच्या तपासणीतून याचे उत्तर वारंवार बाहेर आले आहे. सणाच्या कितीतरी दिवस आधी नाग पकडावयाचा, दात उपटावयाचे, काही वेळा तोंडही शिवावयाचे, आणि पाण्याचा थेंब न देता टोपलीत कोंडावयाचे. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल तो द्रव ओढून घेतो. दूध फुप्फुसात गेले तर तो न्यूमोनियाने जातो. तोंडातल्या जखमा सडल्या तर त्याने जातो. श्रावण संपता संपता बहुतेकांचा शेवट झालेला असतो. दारापुढे पाच रुपये टाकणाऱ्या गृहिणीला पुढच्या वर्षी दुसरा नाग दिसतो आणि तो तोच आहे असे वाटते. टोपलीला कोणी एक वही बांधली असती, पकडला कधी, पाणी केव्हा दिले, दूध केव्हा, मेला केव्हा, एवढेच चार स्तंभ आखले असते, तर ही समजूत एक श्रावणही टिकती ना.

याचा अर्थ सण सोडावा असा नाही. आपल्या घरांत पाटावर चंदनाने नाग रेखून किंवा मातीचा नाग मांडून लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखविण्याची चाल आहे. त्या दिवशी चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही, पुरणाची दिंडे वाफवावयाची. त्या नागाला त्या दुधाने काही अपाय होत नाही. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक आहे की गुजराती शेजाऱ्यांची नागपंचमी आपल्यानंतर पंधरा दिवसांनी, वद्य पंचमीला येते. म्हणजे तिथे गारुड्याला दोन हंगाम मिळत आणि टोपलीतला मुक्काम तेवढा लांबे. माळव्यातील मंडळी उज्जैनला महाकालेश्वराच्या मंदिरात नागचंद्रेश्वराच्या दर्शनासाठी रांग लावतात. ते दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते, आणि आत मूर्ती आहे ती पाषाणाची.

सापावर श्रद्धा ठेवून त्याला जगू देणारे लोक दूरवरही आहेत. बॉल पायथनच्याच मायदेशी, बेनिनमधील विदा या गावी अजगरांचे एक मंदिर आहे. तिथले अजगर रात्री गावात सोडतात. ते उंदीर शोधून पोट भरतात, आणि कोणाच्या घरात शिरले तर ते लोक त्यांना पाहुण्यासारखे वागवून मंदिरात परत आणून देतात. तिथे वहीची गरज पडत नाही, कारण सापाच्या भुकेचा हिशेब सापाकडेच आहे. आपण दार लावून घेतले की तो हिशेब आपल्या अंगावर येतो.

आपल्या देशात चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून हेच व्रत वेगळ्या कारणासाठी पाळीत आली आहे. सर्पदंशावरील लस बनविण्यासाठी लागणारे विष काढण्याकरिता नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार साप तिथे परवान्याने पकडून आणतात. प्रत्येकाची लांबी, वजन, नर की मादी हे लिहून त्याला मडक्यात ठेवतात. तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढले की पोटावरच्या एका खवल्याला खूण करून रानात सोडून देतात. तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये म्हणून ती खूण. सापाच्या अंगावरच लिहिलेली ती नोंद.

इकडच्या घरांतील तरुणांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परदेशातील भावंडाचे पाहून येथे धामण किंवा अजगराचे पिल्लू घरात आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. साप पकडून सुरक्षित सोडणाऱ्या सर्पमित्रालाही तो घरी ठेवण्याचा अधिकार नाही. विदेशी जातींपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत त्यांची, म्हणजे बॉल पायथनसह सर्व अजगरांची, नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली आहे. बाळगणे, हस्तांतर, जन्म, मृत्यू, सारे सरकारला कळवावे लागते. परदेशातही सगळीकडे मोकळीक नाही. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेच्या हवाई बेटांत कोणताही साप पाळता येत नाही, आणि ब्रिटनमध्ये विषारी सापासाठी १९७६ च्या कायद्यानुसार परवाना लागतो.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न. दिवाळीला महिनाभर घरी यावयाचे म्हटले की तिकडे ‘सापाचे काय?’ हे सुरू होते. पूर्ण वाढलेला, अंगाने भरलेला कॉर्न स्नेक दोन-तीन आठवडे जेवणावाचून सहज राहतो, पाण्यावाचून नाही. म्हणून शेजाऱ्याला किल्ली देताना सांगावयाचे ते एवढेच: पाण्याचे भांडे एक दिवसाआड धुऊन भरावे, उबेच्या टोकाचा तापमापक पाहावा, दया येऊन उंदीर देऊ नये, आणि जे पाहिले ते वहीत लिहावे. पशुवैद्याचा पत्ता आणि दूरध्वनी त्याच वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असावा. साप पुढे कोणाला द्यावयाची वेळ आली तर पेटीबरोबर वहीही द्यावी. नव्या मालकाने जुनी पाने फाडू नयेत. आपली तारीख घालून तिथूनच पुढे लिहू लागावे.